शिवाजी पेठेतली आजी आणि अकरा दिवसांचं जपान: एका तयारीचं प्रकरण

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी जपानी शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले, नोकरीसाठी परीक्षा द्यायच्या तयारीतले. फिरायला निघालेलं अख्खं कुटुंब वर्गात येऊन बसलं, ते २०२५ च्या जानेवारीत पहिल्यांदाच. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. नावं मात्र नकोत असं ठरलंय.

घर शिवाजी पेठेतलं, पाच माणसांचं. आजी ७१ वर्षांच्या, माळकरी. मुलगा ४८ चा, त्याची फौंड्री. सून शाळेत शिक्षिका. नात कॉलेजात, नातू आठवीत. निमित्त जुनं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी फौंड्रीत एक मशीन बसवायला जपानी इंजिनिअर आले होते, दोन महिने राहिले. हॉटेलचं जेवण त्यांना सोसेना म्हणून रात्रीचा डबा या घरातून जायचा. ते आता निवृत्त होऊन क्योटोजवळ उजीला राहतात. दर नव्या वर्षी त्यांचं कार्ड येतं आणि त्यात "एकदा या" असं असतंच. या वेळी जायचं ठरलं. पाडव्याची गुढी उतरवून दुसऱ्या दिवशी निघायचं आणि ११ एप्रिलला परत, कारण १२ ला जोतिबाची चैत्र यात्रा. सासनकाठी चुकवून जपान काय, कुठेच जायचं नाही, ही आजींची अट.

पहिली बैठक माझ्याच चुकीने फसली. मी जपानातल्या शिष्टाचारांची चाळीस कलमांची यादी काढून नेली होती. नातवाने त्यातली सात-आठ मोठ्याने वाचली, मुलाने घड्याळ बघितलं, सून मान हलवत राहिली. आजी म्हणाल्या, "एवढं पाठ करायचं असंल तर मी बसतो हितंच. तुम्ही जाऊन या." (आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी बसतो' असंच म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी छापण्याची चूक समजू नये.)

घरी परतताना लक्षात आलं की यादी जपानची होती, या घराची नव्हती. चाळीसपैकी तीस कलमांशी त्यांचा संबंधच येणार नव्हता. आणि ज्या चार-पाच ठिकाणी खरंच अडणार होतं, ती यादीत कुठेतरी बाविसाव्या नंबरला पडून होती. दुसऱ्या बैठकीला कागद न नेता गेले आणि आजींना एवढंच विचारलं, "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही काय काय करता, सांगा." दीड तास लागला. जी काही तयारी झाली ती त्या दीड तासातून निघाली.

जेवण

आजींचं खाणं सरळ आहे. मटण, मासा, अंडं नाही. कांदा-लसूण चालतो. घरातल्या बाकीच्यांना तांबडा-पांढरा लागतो, पण आजींचं पातेलं वेगळं. जपानात शाकाहाराची अडचण मासा ओळखण्यात नाही, न दिसणाऱ्या माशात आहे. 'दाशी' नावाचं पाणी तिथल्या स्वयंपाकाचा पाया. आपल्याकडे फोडणीशिवाय भाजी नाही, तसं तिथे दाशीशिवाय सूप नाही, नूडल्सचा रस्सा नाही, उकडलेल्या भाजीची चवही नाही. आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे धूर देऊन वाळवलेल्या माशाच्या पातळ पापुद्र्यांपासून करतात. "मी मांस खात नाही" म्हटलं की वेटर प्रामाणिकपणे मिसो सूप आणून ठेवतो. त्यात मांस नसतंच. 'निकु' म्हणजे मांस आणि 'साकाना' म्हणजे मासा. त्याच्या भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत, त्याचं काहीच चुकलेलं नसतं.

म्हणून पोस्टकार्डाच्या आकाराचा कागद केला. एका बाजूला जपानीत, दुसऱ्या बाजूला देवनागरीत: "निकु, साकाना, तामागो वा ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन. कोंबु नो दाशी वा दाइजोबु देसु." मांस, मासा, अंडं चालत नाही, त्या माशाची दाशीही नाही, समुद्री शेवाळाची चालते. शेवटचं वाक्य सर्वांत उपयोगी, हे मी अनुभवावरून सांगते. नुसतं "हे नको, ते नको" म्हटलं की स्वयंपाकी गोंधळतो. काय चालतं ते कळलं की त्याला वाट सापडते. क्योटोतलं युदोफु, म्हणजे कोंबुच्या पाण्यात गरम केलेला टोफू, आणि बौद्ध मठांतलं 'शोजिन र्‍योरी' हे जेवण या वाटेवरचं. फक्त टोफूबरोबर येणाऱ्या चटणी-पाण्याची चौकशी करायची.

मग निघाली एकादशी. ८ एप्रिलला कामदा एकादशी, त्या दिवशी मुक्काम क्योटोत. सून साबुदाण्याच्या पिशव्या भरायला निघाली होती. मी म्हटलं, रताळं चालतं ना? जपानात भाजलेलं रताळं, 'याकी-इमो', हा लोकांच्या आवडीचा खाऊ आहे. सुपरमार्केटच्या दाराशीच गरम पेटीत ठेवलेलं असतं. दूध, केळी, शेंगदाणे तर मिळतातच. आजींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा खुलला. "म्हंजे त्यास्नी बी उपास ठावं हाय म्हणायचं." मी खुलासा केला नाही.

सामानात काय न्यायचं यावर मात्र घरात जुंपली. मुलाला इंजिनिअरसाहेबांकरता सुकं मटण न्यायचं होतं, त्यांना ते फार आवडायचं म्हणून. मांसाचा कुठलाही पदार्थ, शिजवलेला असो की वाळवलेला, पर्यटकाला जपानात नेता येत नाही. विमानतळावर कुत्री हुंगतात. ताजी फळं, कढीपत्ता, नारळ, सुटे तांदूळ हेही सरकारी वनस्पती-तपासणीच्या दाखल्याशिवाय नाहीत. कांदा-लसूण चटणी घरच्या बरणीतली न नेता दुकानातली सीलबंद न्यायची ठरली. आजींनी ती "चटणी न्हवं, तांबडी माती" म्हणून नाकारली आणि शेवटी तीच नेली.

इलेक्ट्रिक कुकरचा वाद मुलाने स्वतःच मिटवला. सुनेला खोलीत भात लावायचा होता. मी सांगितलं की तिथे वीज १०० व्होल्टची आहे. फौंड्रीवाल्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याने पेन काढलं, १०० भागिले २३०, त्याचा वर्ग, आणि म्हणाला, "७०० वॅटचा कुकर १३० वॅटवर येतोय. भात व्हायला दुसरी एकादशी उजाडंल." शिवाय हॉटेलच्या खोलीत स्वयंपाक करू देत नाहीत, पण ते कारण मला वापरावंच लागलं नाही.

गोंदण

हा मुद्दा माझ्या चाळीस कलमांत होता, आणि तरी मी आजींच्या हाताकडे कधी पाहिलं नव्हतं. हाकोनेला एक रात्र पारंपरिक सरायीत, र्‍योकानमध्ये मुक्काम होता. तिथलं आकर्षण म्हणजे 'ओनसेन', गरम झऱ्याचं सामायिक स्नान. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण अंगावर काही नाही. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मगच कुंडात उतरायचं. कुंडात अंग धुवायचं नाही, शेकायचं.

मला वाटलं होतं आजी लाजेनेच नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "पंचगंगेच्या घाटावर बायकांतच न्हालोय की आम्ही. लुगडं सोडायचं तेवढं नवं." तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि मनगटाच्या वर मला निळसर तुळशीवृंदावन दिसलं. कपाळावरचं गोंदण तर मी रोज बघत होते, इतकं रोज की दिसेनासं झालं होतं.

बऱ्याच ओनसेनमध्ये अंगावर गोंदलेल्या माणसाला प्रवेश नसतो. कारण याकुझा, म्हणजे तिथल्या संघटित गुन्हेगारी टोळ्या. त्यांच्या लोकांच्या पाठी-दंडांवर मोठाली चित्रं गोंदलेली असतात, आणि त्यांना आत न घेण्याचा सभ्य मार्ग म्हणून हा नियम आला. नियम चित्र पाहतो, चित्रामागची आई पाहत नाही. २०१३ मध्ये होक्काइदोत न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे स्नानगृहात घेतलं नव्हतं. त्यावरून जपानातच बरीच चर्चा झाली. तेव्हापासून काही ठिकाणी मवाळपणा आला आहे, पण दारात जाऊन नशीब आजमावायचं नाही असं आम्ही ठरवलं.

हे आजींना सांगणं मला जड गेलं. त्या थोडा वेळ हातावरून बोट फिरवत राहिल्या. "आईनं धरून ठेवलं होतं, मी रडत होतो. मेल्यावर एवढंच संगं येतंय म्हणाली. आन् तितं चोर म्हणत्यात व्हय?" चोर म्हणत नाहीत, ओळखत नाहीत, एवढंच मी म्हणू शकले.

वाट साधी निघाली. बऱ्याच र्‍योकानमध्ये तासाच्या हिशेबाने कुटुंबापुरतं बंद दाराचं कुंड मिळतं, 'काशिकिरी' म्हणतात. मी सरायीला पत्र लिहिलं, गोंदणाचा खुलासा केला, त्यातच आहारही कळवला. दोन दिवसांत उत्तर आलं: संध्याकाळी पाच ते सहा कुंड राखून ठेवलं आहे, रात्रीचं जेवण कोंबुच्या दाशीत करू, आणि दूध चालतं का ते कृपया कळवावं. असल्या ठिकाणी अनेक पदार्थांचं जेवण आधीपासून योजलेलं असतं. ऐनवेळी ताट बदलून मागितलं तर मिळत नाहीच, वर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. आधी कळवलं तर ते जीव ओततात.

मयताचं

यादीतली तीन कलमं आजींनी न लिहिता लक्षात ठेवली. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. सरायीत मिळणारा युकाता नेसताना डावी बाजू वर आली पाहिजे, उजवी नाही. पहिल्या बैठकीत ही तीन वेगवेगळ्या पानांवर होती आणि कोणालाच आठवत नव्हती. या वेळी मी कारण सांगितलं: उभ्या काड्यांचा भात मृतासमोर ठेवतात, दहनानंतर अस्थी चॉपस्टिकने एकमेकांकडे देत उचलतात, उजवी बाजू वर फक्त प्रेताला नेसवतात. आजी ताडकन म्हणाल्या, "आपल्यात बी मयताला समदं उलटंच." विषय संपला. पुढे तिथे नातवाने भातात काड्या खोचल्या तेव्हा त्याच्या पाठीत धपाटा आजींनीच घातला.

आवाज

मुलाचा फोनवरचा आवाज असा की इचलकरंजीला फोनशिवायही ऐकू जावा. भट्टीच्या आवाजात आयुष्य गेलं, त्याला तो तरी काय करणार. जपानी रेल्वेत फोनवर बोलत नाहीत, आपसातही हळू बोलतात. हे त्याला पटवायला मी केएमटीची बस वापरली. रंकाळ्यावरून स्टँडपर्यंत पाचही जणांनी गप्प बसायचं, फोन आला तर कट करायचा. मिरजकर तिकटीच्या आतच पहिला फोन आला आणि "हॅलो, बोल!" झालं. कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला. तिसऱ्या रविवारी जमलं. टोकियोत त्याला फौंड्रीचा फोन आला तेव्हा पुढच्या स्टेशनवर तो एकटाच उतरला, फलाटावर बोलला, पुढच्या गाडीने आला. बाकीचे चौघे पुढे जाऊन वाट बघत बसले. कुठे थांबायचं ते मात्र आधी ठरवलेलं नव्हतं. ती माझी चूक.

पैसे, औषधं आणि बाकीचं

व्हिसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कागद नीट लावले, मिळाला. रेल्वे-पासवर मात्र लाखभर रुपये वाचले. 'जपानला गेलं की जेआर पास (जपान रेल्वेचा ठराविक दिवसांचा पर्यटक-पास) काढायचाच' हा सल्ला अजून सगळीकडे फिरतो. तो जुना आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येनचं, आणि यांना परत टोकियोला यायचंच नव्हतं, विमान ओसाकावरून होतं. १०० येनचे तेव्हा ५७-५८ रुपये पडत होते. पाच माणसांचा हिशेब वाचकाने स्वतः करावा.

बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर त्या बुलेट ट्रेनमध्ये सामानाच्या जागेसह सीट आधी राखावी लागते. या घरात लग्नाच्या बस्त्याला नेतात तसल्या दोन बॅगा होत्या. त्या टोकियोच्या हॉटेलातून 'ताक्क्यूबिन' सेवेने थेट क्योटोच्या हॉटेलात पाठवल्या आणि हाकोनेला पाठीवरच्या पिशव्या घेऊन गेले.

औषधांची पिशवी मी ओतून एकेक पाकीट वाचलं. मुलाला इन्सुलिन लागतं. महिन्याच्या आतला साठा आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असली की पुरे. पण सर्दीच्या एका गोळीत स्यूडोएफेड्रिन निघालं आणि खोकल्याच्या बाटलीत कोडीन. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांच्या वर असलेलं औषध जपानात आणायला बंदीच आहे आणि कोडीनवरही प्रमाणाची मर्यादा आहे. टक्केवारी मोजत बसण्यापेक्षा दोन्ही घरी ठेवली.

रस्त्यावर कचऱ्याचे डबे नसणं हे त्यांना पटेना. एवढा स्वच्छ देश आणि डबा नाही? १९९५ च्या मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांवरचे पुष्कळ डबे काढले गेले. लोक कचरा घरी नेतात. मुलाने तंबाखूची पुडी स्वतःहून कपाटात ठेवली. थुंकायचं कुठे, हा प्रश्न त्याने मला विचारला नाही, मीही उत्तर दिलं नाही.

चपलांचं मात्र झकास जमलं. जपानात दिवसातून दहादा पादत्राणं काढावी लागतात. नातवाचे लेसवाले बूट दर दाराशी पाच मिनिटं खाणार होते. आजींची कोल्हापुरी पायातून सुटायला एक झटका पुरतो. पण अनवाणी पायाने दुसऱ्याच्या घरात शिरणं तिथे बरं दिसत नाही आणि एप्रिलच्या सकाळी थंडीही असते. महाद्वार रोडला अंगठ्याचे मोजे मिळतात, ते घेतले. जपानात 'ताबि' नावाचे मोजे असतात तेही अंगठा वेगळा असलेले. क्योटोच्या एका देवळात दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या बाई आजींच्या पायाकडे बघून हसल्या आणि स्वतःचा पाय पुढे करून दाखवला.

देवळांबद्दल एकच गोष्ट सांगते. आजींना देवदर्शनाशिवाय प्रवास म्हणजे प्रवास वाटत नाही. आपली सरस्वती जपानात बेंझाइतेन होऊन गेली आणि लक्ष्मी किचिजोतेन होऊन. क्योटो प्रांताच्या दक्षिण टोकाला, नाराजवळ, जोरुरी-जी नावाच्या देवळात किचिजोतेनची कामाकुरा काळातली, म्हणजे सुमारे आठशे वर्षांपूर्वीची, रंगीत लाकडी मूर्ती आहे. ती एरवी बंद कपाटात असते. वसंतात २१ मार्च ते २० मे या काळात दर्शन मिळतं. तारखा जुळत होत्या. लक्ष्मी म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे आपली अंबाबाईच." अंबाबाई आणि महालक्ष्मी एक की वेगळ्या, हा वाद कोल्हापुरात कुठेही उघडू नये, जपानच्या तयारीत तर नाहीच. आजींनी एवढंच विचारलं, "नेसवलंय का नीट तिला?" नेसवलंय, म्हटलं. आणि खरंच, ती मूर्ती पाहिलेल्या कोणालाही विचारा.

उजीचं घर

सगळ्यात जास्त तयारी याच एका संध्याकाळची केली आणि चुकलंही इथेच. भेट म्हणून कोल्हापुरी गूळ, किलोच्या सीलबंद ढेपा. चार नकोत म्हटलं, कारण 'चार' आणि 'मृत्यू' दोन्हींचा उच्चार 'शि'. पाच नेल्या. दोन्ही हातांनी द्यायचं, आणि समोर उघडलं नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही. ओकिनावाचा काळा गूळ, 'कोकुतो', जपान्यांच्या ओळखीचा, त्यामुळे हे काय म्हणून विचारावं लागणार नव्हतं.

आजींना साहेबांच्या बायकोची ओटी भरायची होती. खण घेतला. नारळ नाही, तांदूळ नाही म्हटल्यावर त्या हिरमुसल्या. मग नातीला सुचलं की तांदूळ तिथेच विकत घ्यायचे. तांदळाच्या देशात तांदूळ घेऊन कशाला जायचं? क्योटोत दोन किलोची पिशवी घेतली, नारळाऐवजी एक संत्रं. शास्त्रात बसतं का ते आजींनी ठरवलं, मी नाही.

वेळेबद्दल मी त्यांना इतकं घाबरवून ठेवलं होतं की सहाचं बोलावणं असताना हे पाच पस्तीसला दारात उभे. घंटी वाजवली. बाईंनी दार उघडलं ते ओल्या हातांनी, अंगात एप्रन, आणि चेहऱ्यावरचं हसू जागेवर यायला दोन सेकंद लागले, असं सून म्हणाली. कोणाच्या घरी जाताना उशीर चालत नाही हे मी दहादा सांगितलं होतं. लवकर जाणंही चालत नाही, कोपऱ्यावर थांबून सहाला, नाहीतर दोन-चार मिनिटं उशिरा घंटी वाजवायची, हे एकदाही नाही. कोल्हापुरात कोणी वेळेआधी पोचेल ही शक्यताच माझ्या डोक्यात आली नव्हती.

बाकी संध्याकाळ छान झाली. ओटी भरताना ओंजळभर तांदूळ पदरात घ्यायचे कसे ते त्यांना समजेना, त्यांनी एप्रनच पुढे धरला. साहेब कोपऱ्यात उभे राहून फोटो काढत होते आणि डोळे पुसत होते. हळद-कुंकवाचं बोट कपाळाला लागलं तेव्हा त्या इतक्या खाली वाकल्या की आजीही वाकल्या, मग त्या पुन्हा, मग आजी पुन्हा. नातवाने सात वेळा मोजलं.

मे महिन्यात उजीहून पत्र आलं, मी वाचून दाखवलं. गुळाचा चहा रोज होतो. तांदूळ मात्र वापरलेले नाहीत. इतकी मोलाची भेट शिजवायची कशी, म्हणून काचेच्या बरणीत घालून देवघरापाशी ठेवले आहेत, कायमचे.

आजी उठून बसल्या. "किडं लागतील की त्यास्नी! ओटीचं तांदूळ ठेवत न्हाईत, गोड भात करून खायाचं असतंय. लिहा त्यास्नी."

जपानीत हे लिहायचं म्हणजे थोरल्या बाईंना, आदराच्या क्रियापदांत, त्यांनी जपून ठेवलेल्या भेटीत पोरकिडे होतील असं सांगायचं. आतापर्यंत तीन खर्डे फाडलेत. आजी दर गुरुवारी विचारतात, गेलं का पत्र.